चार मीटरच्या मापात हरवलेली छोटी गाडी

घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबर २०२५ रोजी, मोटारींवरील वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले आणि देशातील सर्वांत लहान मोटारींच्या किमती एका रात्रीत उतरल्या. मारुतीची एस-प्रेसो साडेतीन लाखांच्या पातळीवर आली, अल्टो के-१० पावणेचार लाखांच्या आत. दुचाकीवर संसार ओढणाऱ्या कुटुंबाच्या आवाक्यात मोटार पुन्हा आली, असे उद्योगजगताने म्हटले, सरकारनेही तेच सांगितले आणि त्यात तथ्यही होते. त्याआधीची काही वर्षे ग्राहकाने या गाड्यांकडे जवळजवळ पाठ फिरवली होती. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांपैकी सुमारे ६५ टक्के वाहने ‘युटिलिटी’ या वर्गातील, म्हणजे बोलीभाषेत एसयूव्ही किंवा त्या वळणाची होती.

किंमत उतरली, हा झाला विषयाचा एक भाग. घेतलेली गाडी पुढची आठ-दहा वर्षे वापरायची असते आणि तिच्या लहानपणाची किंमत त्या काळात रोज थोडी थोडी मोजावी लागते. छोट्या गाडीचे समर्थन शहरी माणसाला तोंडपाठ असते : गर्दीतून वाट काढते, कुठेही लागते, पेट्रोल कमी पिते. यातले तिसरे विधान खरे आहे, पहिले अर्धेमुर्धे खरे आहे. दुसरे तपासू लागले की एक विचित्र गोष्ट लक्षात येते. गाडी लहान असल्याचा फायदा मुख्यत्वे शहराला होतो आणि तोटा मुख्यत्वे मालकाला. आणि या दोहोंचा हिशेब जुळवून देणारी कोणतीही व्यवस्था आपल्याकडे नाही. उलट ‘छोटी गाडी’ या नावाने सरकार जी सवलत देते, तिचा मोठा वाटा मुळात छोट्या नसलेल्या गाड्याच घेऊन जातात.

या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण पुणे-पिंपरीशी जोडलेले आहे. टाटा मोटर्सच्या नॅनो प्रकल्पाचे नेतृत्व तेव्हा गिरीश वाघ यांच्याकडे होते. पावसात एका स्कूटरवरून चौघांचे कुटुंब जाताना पाहून ही कल्पना सुचल्याचे रतन टाटा सांगत. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात त्यांनी ही गाडी जगासमोर आणली. त्यानंतर सिंगूरचे आंदोलन, ऑक्टोबर २००८ मध्ये पश्चिम बंगालमधून माघारीची घोषणा, मार्च २००९ मध्ये मुंबईत विक्रीचा आरंभ, दोन लाखांहून अधिक आगाऊ नोंदणी आणि जून २०१० मध्ये साणंदचा कारखाना, हा क्रम वाचकांच्या स्मरणात असेल. या राजकीय आणि व्यापारी गोंगाटात खुद्द गाडीच्या रचनेची चर्चा मात्र कमी झाली.

ती रचना हुशारीची होती, यात शंका नाही. लांबी जेमतेम ३.१ मीटर. दोन सिलिंडरचे ६२४ सीसीचे इंजिन मागच्या आसनाखाली बसवलेले. त्यामुळे बाहेरून मारुती ८०० पेक्षा आखूड असलेली ही गाडी आतून तिच्यापेक्षा ऐसपैस होती. उंच माणूसही डोके न आपटता बसू शके आणि चार मीटरच्या वळण-त्रिज्येमुळे ती गल्लीबोळात सहज वळे. पण वाचवलेला प्रत्येक सेंटिमीटर आणि प्रत्येक रुपया कुठून तरी यायचा होता. मागे दारासारखा दिसणारा भाग सुरुवातीच्या गाड्यांत उघडतच नसे. सामान ठेवायचे तर मागच्या आसनाची पाठ पाडून आतून ठेवावे लागे. उघडणारे मागचे दार मिळायला २०१५ साल उजाडले. पेट्रोल भरायचे झाकण पुढच्या बॉनेटखाली, म्हणजे दर वेळी पंपावर उतरून बॉनेट उघडायचे. आणि टाकी १५ लिटरची, म्हणजे तो प्रसंग वारंवार यायचा. काच पुसायला एकच वायपर, चाकाला तीनच बोल्ट, मूळ प्रकारात एसी नाही आणि डाव्या बाजूचा आरसाही नाही. सुकाणू हलके करणारे पॉवर स्टिअरिंग २०१४ मध्ये आले.

कारखान्याच्या कागदावर यातली प्रत्येक काटकसर समर्थनीय होती. रोजच्या वापरात ती सगळी मालकाच्या वाट्याला आली. त्यात काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या आणि नोव्हेंबर २०१० मध्ये नॅनोची महिन्याची विक्री ५०९ पर्यंत घसरली. पुढे ती सावरली, तरी वर्षाला अडीच लाख गाड्यांची क्षमता असलेल्या कारखान्याला पुरेल इतकी कधीच झाली नाही. जून २०१८ मध्ये अख्ख्या महिन्यात एकच नॅनो तयार झाली आणि एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज-६ निकष सक्तीचे होण्याआधीच ती इतिहासजमा झाली होती.

‘सर्वांत स्वस्त गाडी’ म्हणून ती विकली ही चूक होती, असे रतन टाटांनी पुढे जाहीरपणे मान्य केले होते. तेव्हापासून नॅनोच्या अपयशाचे कारण म्हणून प्रतिष्ठेचा मुद्दा सांगण्याची प्रथाच पडली आहे. दारात गरिबाची गाडी कोणाला नको असते, हे खरे. पण हे स्पष्टीकरण जरा जास्तच सोपे वाटते. प्रतिष्ठेइतकेच, कदाचित अधिक, महत्त्वाचे कारण हे की अतिलहान गाडी जगात जिथे यशस्वी झाली तिथे ती बहुतेकदा घरातली दुसरी गाडी असते. बाजारहाट, शाळा, स्टेशनपर्यंतची ने-आण एवढेच तिचे काम. आपल्याकडे मात्र ती घरातली एकुलती एक गाडी असते. रोज कचेरीला तीच, रात्री-अपरात्री दवाखान्यात तीच, लग्नसराईत तीच आणि गणपतीला गावी जायलाही तीच. पाच जणांचे कुटुंब, आठवड्याचे कपडे, मखराचे सामान आणि परतीच्या वाटेवर नारळ-तांदूळ-आमसुलांच्या पिशव्या हे सगळे अल्टो के-१० च्या २१४ लिटरच्या डिकीत मावत नाही. मग छपरावर कॅरिअर बसतो. त्यावर बोजा चढला की आधीच हलकी आणि उभट असलेली गाडी वळणावर अधिकच डुलते.

कंपनीच्या माहितीपत्रकात गाडीची ताकद दिलेली असते ती पूर्ण इंजिनाची. एसीचा कॉम्प्रेसर चालवायला लागणारी शक्ती मात्र गाडी लहान म्हणून त्याच प्रमाणात कमी होत नाही. मोठ्या इंजिनाला ती जाणवतही नाही. लहान इंजिनाच्या एकूण ताकदीतला मोठा घास ती घेते. म्हणून गाडी भरलेली असताना घाट लागला की कित्येक चालक हात पुढे करून एसी बंद करतात आणि मागच्या सीटवरचे लोक निमूटपणे काचा खाली घेतात. अल्टो के-१० चे ९९८ सीसीचे इंजिन या बाबतीत नॅनोपेक्षा कितीतरी सशक्त आहे, हे नमूद करायला हवे. तरीही खंबाटकीच्या चढावर ट्रकला ओलांडताना पुढची जागा दोनदा मोजावीच लागते.

चाकांचेही तसेच. नॅनोची चाके बारा इंची होती, के-१० ची तेरा इंची आहेत. खड्डा तोच असतो. लहान चाक त्यात अधिक खोल उतरते आणि त्याचा दणका पाठीच्या मणक्यापर्यंत पोचतो. पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर कमी असल्याने गतिरोधकावर गाडी होडीसारखी पुढे-मागे झुलते. आपल्या शहरांतले गतिरोधक कोणत्या मापाने बांधलेले असतात हे कोणी सांगू शकेल असे वाटत नाही, पण ते छोट्या गाडीकडे पाहून बांधलेले नसतात एवढे निश्चित.

या गैरसोयी सोसता येतात. सुरक्षिततेचा प्रश्न तसा नाही. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या प्रकारांची ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडक-चाचणी केली. नॅनो, अल्टो ८००, आय-१०, फिगो आणि पोलो या पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यातही महत्त्वाचा निष्कर्ष असा होता की नॅनो, अल्टो आणि आय-१० यांचा सांगाडाच धडकेत टिकाव धरू शकला नाही. म्हणजे नुसत्या एअरबॅग बसवून भागणार नव्हते. पोलोचा सांगाडा टिकला होता. एअरबॅग बसवलेल्या पोलोला त्याच चाचणीत चार तारे मिळाले.

त्या धक्क्यानंतर आपल्याकडचे नियम कडक झाले, हे मान्य करावे लागेल. समोरून आणि बाजूने होणाऱ्या धडकेची चाचणी ऑक्टोबर २०१७ पासून नव्या आणि ऑक्टोबर २०१९ पासून सर्व मोटारींना सक्तीची झाली. चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून आली, शेजारच्या प्रवाशासाठीची त्यानंतर. ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची तारांकन पद्धतही सुरू झाली, मात्र ती ऐच्छिक आहे. त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत अल्टो के-१० ला प्रौढांच्या सुरक्षेसाठी दोन तारे मिळाले आणि बालकांच्या सुरक्षेसाठी एकही नाही. २०२५ मध्ये या गाडीत सहा एअरबॅग आल्या. ही सुधारणा मोलाची आहे.

परंतु तारे कितीही मिळाले, तरी एक गोष्ट कोणत्याही उपकरणाने बदलत नाही. धडक-चाचणीत गाडी एका अडथळ्यावर आदळते. समोरून येणाऱ्या अडीच-तीनपट जड वाहनाचा हिशेब तिथे नसतो. समजा, ६०० किलोची गाडी आणि १८०० किलोची एसयूव्ही, दोन्ही ताशी ५० किलोमीटर वेगाने समोरासमोर धडकल्या आणि एकमेकींत अडकून राहिल्या. शाळेतल्या पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने दोन्ही मिळून एसयूव्हीच्या दिशेने ताशी २५ किलोमीटर वेगाने सरकतील. म्हणजे एसयूव्हीतल्या माणसांच्या वेगात क्षणार्धात ताशी २५ किलोमीटरचा फरक पडला, तर छोट्या गाडीतल्या माणसांच्या वेगात ७५ चा. एकाच अपघातातला हा तिप्पट फरक केवळ वजनामुळे आहे. त्यात कोणाचे चालवण्याचे कौशल्य किंवा चूक येत नाही. रस्त्यावरची बाकीची वाहने जड होत जातात तसतशी न बदललेली छोटी गाडी अधिकाधिक असुरक्षित होत जाते. शेजाऱ्याने घेतलेल्या मोठ्या गाडीच्या सुरक्षिततेची किंमत अशा रीतीने छोट्या गाडीचा मालक मोजतो.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण तीच बहुतेक कुटुंबांसाठी निर्णायक असते. २०२२ मध्ये देशातील रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. ज्या घरासमोर पर्याय अल्टो की स्कूटर असा आहे, त्याच्या दृष्टीने दोन ताऱ्यांची गाडीसुद्धा मोठी प्रगती आहे. म्हणूनच छोटी गाडी घेऊच नये, असा सल्ला सुखवस्तू माणसाने देणे बरे दिसत नाही. प्रश्न इतकाच की ज्याला एवढीच परवडते त्याच्यावर जोखमीचा एवढा भार का पडावा आणि त्या बदल्यात त्याला काय मिळते.

काय मिळते? गाडी ‘कुठेही लागते’ हे उत्तर ठरलेले आहे. जरा मोजून पाहू. अल्टो के-१० ची लांबी ३.५३ मीटर आणि रुंदी १.४९ मीटर, म्हणजे तिला साधारण सव्वापाच चौरस मीटर जागा लागते. चार मीटरला पाच मिलिमीटर कमी असलेली टाटा नेक्सॉन ७.२ चौरस मीटर जागा घेते. मुंबईच्या विकास नियमावलीतले गाडी लावण्याच्या चौकटीचे मोठे माप ५.५ बाय २.५ मीटर आहे आणि लहान माप ४.५ बाय २.३ मीटर. म्हणजे नियमातली लहानात लहान चौकटही अल्टोपेक्षा जवळजवळ एक मीटर लांब आहे. सोसायटीत जागा मिळते ती चौकटीच्या संख्येने, मापाने नव्हे. बिल्डरने चौकट विकली असेल तर तिचे पैसे गाडी बघून घेतलेले नसतात. महिन्याचे पार्किंग शुल्कही बहुतेक ठिकाणी गाडीमागे एकच. उरलेली रिकामी जागा छोट्या गाडीच्या मालकाला उपयोगी पडत नाही, ती पडते शेजाऱ्याला. शेजारची गाडी लहान आहे हे एकदा कळले की मोठ्या गाडीचा धनी पांढऱ्या रेषेवर, कधी रेषेपलीकडे निर्धास्तपणे गाडी लावतो. ‘तुमची निघते की आरामात’, हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा छोट्या गाडीचा मालक विरळा.

रस्त्यावरही तोच न्याय. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एप्रिल २०२३ पासून मोटारीला एका फेरीसाठी ३२० रुपये टोल आहे; त्यात पाऊण टनाची अल्टो आणि दोन टनांची एसयूव्ही यांत भेद नाही. राष्ट्रीय महामार्गांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये आलेला तीन हजार रुपयांचा वार्षिक फास्टॅग पासही सर्व खासगी मोटारींना एकाच दराने. मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली, तीही सरसकट. रस्त्याची झीज, व्यापलेली जागा, इतरांना असलेला धोका यांपैकी कशाचेही प्रतिबिंब या दरांत नाही. राज्याचा एकरकमी वाहनकर किमतीच्या टक्केवारीने लागतो, त्यामुळे स्वस्त गाडीला तो कमी पडतो हे खरे. पण ती सवलत स्वस्तपणाची आहे, लहानपणाची नव्हे.

हा भेद नीट लक्षात येतो तो लहान असूनही स्वस्त नसलेल्या गाडीमुळे. एमजी कंपनीची कॉमेट ही विजेवर चालणारी गाडी २०२३ मध्ये आली. लांबी २.९७ मीटर, म्हणजे नॅनोहूनही आखूड. आसने चार, दारे मात्र दोन. आरंभीची किंमत ७ लाख ९८ हजार रुपये. नंतर ती कमी झाली आणि बॅटरीचे पैसे चालवलेल्या किलोमीटरनुसार देण्याची सोयही आली. मागे बसायचे तर पुढचे आसन दुमडून आत शिरावे लागते. गुडघे धरलेल्या आजींना नऊवारीत किंवा पाचवारीत हा प्रयोग करून पाहायला सांगण्याचे धाडस कोणी करू नये. चौघे बसले की सामानाला जागा उरत नाही. बॅटरी १७.३ किलोवॉट-तासांची, कंपनीने सांगितलेला पल्ला २३० किलोमीटर, प्रत्यक्षात एसी आणि रहदारी यांवर तो अवलंबून. शहराच्या हद्दीत ही गाडी खरोखरच सुखाची आहे आणि तिचे मालक तसे सांगतातही. पण ती रात्री चार्जिंगला लावायची तर पार्किंगमध्ये वीजजोडणी हवी आणि त्यासाठी सोसायटीची संमती हवी. जुन्या इमारतीत, जिथे गाडी रस्त्याच्या कडेला लागते, तिथे हा मार्गच बंद. वास्तविक अशा दाट वस्तीलाच तीन मीटरच्या गाडीची सर्वाधिक गरज आहे.

छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या कारखान्यात तयार होणाऱ्या बजाज क्यूटची कहाणी याहून वेगळी नाही. कायद्याने तिला मोटार न म्हणता ‘क्वाड्रिसायकल’ असा निराळा वर्ग दिला, २०१९ मध्ये ती खासगी ग्राहकांसाठी आली, किंमत अडीच लाखांच्या आसपास. २१६ सीसीचे इंजिन, कमाल वेग ताशी ७० किलोमीटर. शहरासाठी तेवढा पुरे. शहर संपून महामार्ग सुरू झाला की मागून येणाऱ्या प्रत्येक वाहनाला ती अडथळा वाटू लागते. रिक्षा आणि मोटार यांच्या मधली ही जागा कागदावर तयार झाली, रस्त्यावर तिच्यासाठी काहीच आखले गेले नाही.

आता सवलतीकडे वळू. २००६ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी छोट्या मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले आणि छोट्या मोटारीची व्याख्या केली : लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. भारताला लहान गाड्यांच्या निर्मितीचे केंद्र बनवणे हा हेतू होता आणि तो बऱ्याच अंशी साधलाही. परंतु उद्योगाने ही व्याख्या कात्रीसारखी वापरली. मोठ्या गाड्या मागून छाटून चार मीटरच्या आत बसवल्या जाऊ लागल्या. २०१२ ची स्विफ्ट डिझायर, २०१३ ची इकोस्पोर्ट, २०१७ ची नेक्सॉन ही त्या कात्रीची फळे. यातल्या कित्येक गाड्या चांगल्या आहेत, नेक्सॉन तर धडक-चाचणीत नावाजली गेली. मात्र लांबीला जी मर्यादा होती ती रुंदीला, उंचीला आणि वजनाला नव्हती. म्हणून गाड्या रुंद झाल्या, उंच झाल्या, जड झाल्या आणि कायद्याच्या भाषेत ‘छोट्या’च राहिल्या.

२०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा ही व्याख्या तशीच पुढे चालवली गेली. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेतही तीच कायम राहिली. छोट्या पेट्रोल गाडीवरचा एकूण कर २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पेट्रोल नेक्सॉन आणि अल्टो, दोन्ही १८ टक्क्यांच्या घरात. वरच्या बाजूला, मोठ्या एसयूव्हीवरचा करभार ५० टक्क्यांवरून ४० वर आला. म्हणजे सर्वांत लहान गाडीला ११ टक्के अंकांचा दिलासा मिळाला आणि सर्वांत मोठीला १० चा. ‘छोट्या गाड्यांना प्रोत्साहन’ या मथळ्याखाली जे छापून आले त्याचा अर्थ हा असा होता. किंमत उतरली की हप्ताही उतरतो, आणि हप्ता थोडा वाढवून ग्राहक एक पायरी वरची गाडी घेतो. करात फरकच नसेल तर त्याने तसे का करू नये?

जपानने हा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला. तेथे ‘केई’ हा अतिलहान मोटारींचा कायदेशीर वर्ग दुसऱ्या महायुद्धानंतर निर्माण झाला आणि त्याच्या मर्यादा काटेकोर आहेत : लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची दोन मीटर, इंजिन ६६० सीसी. यातून पळवाट काढायला जागा नाही, कारण तिन्ही मापे बांधलेली आहेत. त्या बदल्यात मालकाला प्रत्यक्ष लाभ मिळतो. केई गाडीचा वार्षिक कर १० हजार ८०० येन, तर साध्या मोटारींतल्या सर्वांत कमी कराच्या गाडीला २५ हजार येन. द्रुतगती मार्गावर टोल सुमारे २० टक्के कमी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे १९६२ च्या कायद्याने साध्या मोटारीची नोंदणी करण्याआधी ती लावायला जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून घ्यावा लागतो. केई गाडीला अनेक गावांत तो लागत नाही आणि मोठ्या शहरांतही प्रक्रिया सौम्य आहे. जपानमधल्या नव्या गाड्यांपैकी साधारण एक तृतीयांश गाड्या केई असतात त्या यामुळे. तिथेही लहान गाडीची पदार्थविज्ञानापासून सुटका नाही. पण मालकाने पत्करलेल्या गैरसोयीची नोंद शासन घेते. पॅरिसने ऑक्टोबर २०२४ पासून दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांना पार्किंगचे दर तिप्पट केले, मध्यवर्ती भागात तासाला १८ युरो. मापाऐवजी वजन हा निकष धरला.

आपल्याकडे वजनाची चर्चा सुरू झाली ती इंधन-कार्यक्षमतेच्या निमित्ताने. सप्टेंबर २०२५ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता विभागाने २०२७ पासूनच्या निकषांचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात ९०९ किलोपर्यंतच्या छोट्या पेट्रोल गाड्यांना विशेष सूट सुचवली होती. लगेच उद्योगात दोन तट पडले. छोट्या गाड्यांवर ज्यांचा भर आहे ते बाजूने, ज्यांच्याकडे तशा गाड्याच उरलेल्या नाहीत ते विरोधात. विरोधकांनी सुरक्षिततेचा मुद्दा पुढे केला. तो गैरलागू नाही. हलकेपणाला बक्षीस दिले तर सांगाड्यातले पोलाद कमी करण्याचा मोह होऊ शकतो. मात्र त्यावर उपाय म्हणजे सवलत हवी असलेल्या प्रत्येक गाडीला भारत एनकॅपची चाचणी सक्तीची करणे, तीही मूळ, सर्वांत स्वस्त प्रकाराची. ते करण्याऐवजी वजनाची चर्चाच नको म्हणणे हे ज्यांच्या गाड्या जड आहेत त्यांच्या सोयीचे आहे. शिवाय या साऱ्या वादात दोन्ही बाजू कारखान्याच्या बोलत होत्या. छोटी गाडी चालवणाऱ्याला शहरात कोणता लाभ मिळणार, हा विषय दिल्लीच्या मसुद्यात येण्यासारखा नव्हताच. तो महापालिकेचा आणि राज्याचा आहे.

राज्य सरकारने त्या दिशेने एक पाऊल टाकण्याचे सूतोवाच केले आहे. पार्किंगची जागा असल्याचे प्रमाणपत्र दिल्याशिवाय यापुढे नव्या मोटारीची नोंदणी होणार नाही, असे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी मे २०२५ मध्ये जाहीर केले होते. असा नियम झाला तर पहिली अडचण येईल ती चाळीत, जुन्या वाड्यात, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत राहणाऱ्या, साडेतीन लाखांची गाडी घेऊ पाहणाऱ्या माणसाला. दोन चौकटी विकत घेतलेल्या एसयूव्हीवाल्याला नव्हे. जपानसारखी लहान गाडीला वेगळी वाट ठेवायची, तर त्या प्रमाणपत्रावर चौकटीच्या संख्येबरोबर तिची लांबी-रुंदी आणि गाडीचीही लांबी-रुंदी लिहावी लागेल. आरटीओच्या नोंदणी पुस्तकात आज इंजिनाची क्षमता असते, वजन असते, आसनसंख्या असते. गाडी किती जागा व्यापते याचा हिशेब मात्र पार्किंग देताना, शुल्क ठरवताना किंवा टोल घेताना कोणी विचारत नाही.